एक मिलिमीटर वर

हर्षदचा फोन सोमवारी सकाळी आला. बळवंत घाडी तेव्हा गॅलरीत उभे होते. बायको कमळ गेल्यापासूनच्या आठ महिन्यांत ते बराच वेळ गॅलरीतच असत. खाली रिक्षा बघत नसत, समोरची इमारत बघत नसत, नुसते उभे.

"घाडीकाका, घरी कंप्युटर आहे ना तुमच्याकडे?"

"आहे. दिशाच्या कॉलेजच्या वेळचा."

"चालतो?"

"चालतो की. का रे?"

हर्षद म्हणजे त्यांच्या जुन्या शेठचा मुलगा. साकीनाक्याला शेठचा कारखाना होता. प्लास्टिकच्या वस्तू ज्यात ओततात ते लोखंडी साचे, म्हणजे मोल्ड, तिथे बनत. बळवंत तिथे फिटर म्हणून लागले आणि बत्तीस वर्षांनी फोरमन म्हणून बाहेर पडले. पन्नाशी ओलांडल्यावर शेठने त्यांना एक दिवस कंप्युटरपुढे बसवलं होतं. "ड्रॉइंग काढणारी पोरं शिकलेली आहेत, पण मोल्ड उघडताना त्यांनी बघितलेला नाही. तुम्ही बघितलाय. तुम्ही शिका." बळवंत शिकले. पुढची आठ वर्षं हातात कानस कमी आणि माउस जास्त. मग शेठ वारले, हर्षदने कारखाना वसईच्या पुढे नेला. त्याच सुमाराला कमळ आजारी पडली, आणि बळवंतांनी काम सोडलं.

"माझा ड्रॉइंगवाला दुबईला पळाला," हर्षद म्हणाला. "डब्याच्या झाकणाचा मोल्ड आहे. शनिवारी दुपारी पार्टीला डिझाइन दाखवायचंय. तुम्ही घरबसल्या करा. जमलं तर पुढची सगळी कामं तुमच्याकडे. नसेल जमणार तर आत्ताच बोला, ठाण्याला एकजण तयार आहे."

"जमेल," बळवंत म्हणाले.

फोन ठेवल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण विचार न करता बोललो. पण विचार करायला तसं काही नव्हतंही. रविवारी दिशा येणार होती, त्यांना नाशिकला न्यायला.

दिशा त्यांची एकुलती एक मुलगी. जूनमध्ये बळवंतांनी दोन दिवस चहा-बिस्किटावर काढले आणि तिसऱ्या दिवशी जिन्यात चक्कर येऊन बसले. शेजारच्या कुंदाताईंनी दिशाला फोन केला. तेव्हापासून तिने धोशाच लावला होता. "बाबा, तिथे एकटे राहून करताय काय? दिवसभर काय करता ते सांगा मला." दिवसभर ते काहीच करत नव्हते. शेवटी गणपतीनंतर जायचं ठरलं. चकाल्याची ही खोली भाड्याने द्यायची आणि लेकीच्या घरी एका कोपऱ्यात पेपर वाचत बसायचं. जावई चांगला होता, नातू चांगला होता, कोपराही चांगलाच मिळाला असता. पण तो कोपरा होता.

त्यांनी हर्षदचं सॉफ्टवेअर चढवलं आणि फाइल उघडली. झाकण पडद्यावर आलं. ते थोडंसं फिरवून बघावं म्हणून माउस हलवला तर चित्र जागच्या जागी गोठलं. एक मिनिट, दोन मिनिटं. मग सगळं बंद पडलं आणि एक चौकट आली. तिचा अर्थ असा, की तुमच्या कंप्युटरला वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, त्यामुळे हे काम इथे होणार नाही.

बळवंतांनी पुन्हा उघडलं. पुन्हा बंद पडलं. सात वेळा करून बघितलं आणि मग ड्रॉवरमधून बारीक मापं घ्यायचा व्हर्नियर काढला.

बुधवारी ते साकीनाक्याला रुचिकाच्या दुकानात गेले. जुने-नवे सुटे भाग विकणारं, एका लोखंडी जिन्यावरचं दुकान. रुचिका तिशीची, केस पेन्सिलने वर खोचलेले, एका उघड्या लॅपटॉपवर वाकलेली. बळवंतांनी खिशातून कागद काढून तिच्यापुढे उलगडला. कंप्युटरचा डबा आतून कसा आहे त्याचं ते ड्रॉइंग होतं. समोरून, वरून, बाजूने. प्रत्येक अंतर मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत लिहिलेलं.

रुचिकाने कागद हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला.

"काका, कार्ड बसवायचंय की डब्याचं लग्न जमवायचंय? पत्रिकाच आणलीत."

"माप लागेल म्हटलं."

"एकशे त्र्याहत्तर पॉइंट अठ्ठेचाळीस!" ती हसायला लागली. "आजपर्यंत लोक मला हाताने दाखवतात, एवढं एवढं. बरं, हे सोडा. मॉनिटरच्या मागे वायर कुठली लागते? निळी, स्क्रूवाली?"

बळवंत कागदाकडे बघायला लागले.

"बघितलंच नाही ना? वाह. पत्र्याची जाडी लिहिलीय आणि वायर विसरले."

"निळी," बळवंत आठवून म्हणाले. "स्क्रू आहेत दोन बाजूंना."

"मग नव्या कार्डाला ती लागणार नाही. मध्ये एक कन्व्हर्टर लागेल, तो देते मी. किती जुना आहे डबा?"

"अकरा वर्षं."

"काका, खरं सांगू? त्याला आता निवृत्त करा. नवा घ्या."

"नवा घ्यायचा तर मी आज आलोच नसतो," बळवंत म्हणाले. "पहिलं काम हातात येऊ दे. मग बघू कोण निवृत्त होतं ते."

रुचिकाने त्यांच्याकडे नीट बघितलं आणि लॅपटॉप बाजूला सरकवला. त्यांच्या पॉवर सप्लायची ताकद बेताची होती, म्हणून वेगळी वायर न लागणारं छोटं कार्ड हवं, असं तिने सांगितलं. तसली दोन तिच्याकडे होती, दोन्ही वापरलेली. पहिलं तिने टेबलावरच्या मशीनला लावून सुरू केलं. पंखा फिरायला लागला.

"मस्त आहे. आवाजसुद्धा नाही."

"एक स्क्रूड्रायव्हर दे गं."

त्यांनी स्क्रूड्रायव्हरचं टोक कार्डाच्या कडेला टेकवलं आणि मूठ कानाला लावली. कारखान्यात मशीनचं बेअरिंग असंच ऐकायचं, टोक मशीनला आणि मूठ कानाला. रुचिका बघतच राहिली.

"ह्याचं बेअरिंग गेलंय," बळवंत म्हणाले. "आत खरखर आहे. दोन महिन्यांत पंखा बसेल."

"काहीतरीच."

"ऐक तू."

तिने ऐकलं. मग दुसरं कार्ड लावून आधी स्वतः ऐकलं, मग त्यांना ऐकवलं. "हे?"

"हे चालेल."

"काका, इथे येऊन बसा रोज. पगार देते." तिने कार्ड गुंडाळून दिलं, कन्व्हर्टर दिला आणि कागदाच्या मागे आपला नंबर लिहिला. "कार्ड खोचायचा स्लॉट एकच आहे, चुकणार नाही. आधी डब्याच्या पत्र्याला हात लावायचा, म्हणजे अंगातला करंट निघून जातो. मग कार्ड सरळ धरायचं आणि दाबायचं. कट् असा आवाज येतो. आला की झालं."

गुरुवारी सकाळी आंघोळ करून बळवंत कामाला बसले. टेबलावर जुना टॉवेल अंथरला, डबा आडवा केला, बाजूचा पत्रा काढला. स्क्रू बशीत ठेवले. पत्र्याला हात लावला. मोठा लांब स्लॉट तळाच्या हिरव्या पाटीवर होता, अकरा वर्षं रिकामा. कार्ड सरळ धरून त्यांनी दोन्ही अंगठ्यांनी दाबलं.

आवाज आला नाही.

पुन्हा दाबलं. कार्डाचं पुढचं टोक खाली गेलं, मागचं थोडं वर राहिलं. तरी त्यांनी वायर जोडून बटण दाबलं. पंखे फिरले, पण पडदा काळाच. बंद केलं. वर राहिलेल्या टोकाला व्हर्नियर लावला. एक मिलिमीटर. एकाला जरा जास्तच.

त्यांनी रुचिकाला फोन लावला.

"दाबा काका, जोर लावा. पहिल्यांदा सगळेच घाबरतात."

"मी घाबरत नाहीये."

"मग दाबा ना. जुना स्लॉट आहे, कडक झाला असेल."

बळवंतांनी फोन ठेवून अंगठे पुन्हा कार्डावर ठेवले. दाबायला सुरुवात केली आणि थांबले. बत्तीस वर्षांत त्यांनी हजारो पिना भोकांत बसवल्या होत्या. घट्ट बसणारी वस्तू हाताला सांगते की मी घट्ट आहे. ती जड जाते, पण जाते. मध्ये काही अडकलं असेल तर हाताला लागणारा अडथळा वेगळा असतो. तो कोरडा असतो, एकदम. आत्ता अंगठ्यांना लागत होता तो कोरडा अडथळा होता.

त्यांनी कार्ड बाहेर काढलं. टॉर्च घेतला, पेपर वाचायचं भिंग घेतलं आणि स्लॉटच्या अरुंद फटीत बघितलं. दोन्ही बाजूंना सोनेरी पट्ट्यांची रांग होती. रांगेच्या शेवटाकडे, अगदी तळाशी, काहीतरी लाल होतं.

ते तांदळाचे दाणे होते. दोन. कुंकवात भिजून एकमेकांना आणि तळाला चिकटून बसलेले.

बळवंत खुर्चीत मागे टेकले.

ह्यात चूक कोणाची, हे त्यांना लगेच कळलं. त्यांचीच. कारखान्यात खंडेनवमीला, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, हत्यारांची आणि मशीनची पूजा व्हायची. नवीन लागलेले लोक मशीनच्या बाहेरच्या पत्र्याला कुंकू लावून मोकळे होत. बळवंत त्यांना ओरडायचे. "झाकणाची पूजा कोण करतं रे? जे काम करतं त्याला लाव." मग झाकण उघडून आतल्या भागाला हळदकुंकू, अक्षता, झेंडूचं फूल. घरी कंप्युटर आला तेव्हा कमळ बाहेरूनच पूजा करत होती, तर त्यांनी स्क्रू काढून बाजू उघडून दिली. ती हसली होती. मालवणकडची, लग्नानंतर चाळीस वर्षं मुंबईत काढूनही नवऱ्याशी मालवणीतच बोलायची.

"अवो, ह्यां काय तुमचां लेथ मशीन आसा?"

"मशीन म्हणजे मशीन. आतून लाव."

"लावतंय. आतल्याक लावल्याशिवाय तेका तरी कसा कळतला?"

त्यानंतर दरवर्षी तसंच. तिचा हात नेमका होता. पत्र्यावर एक बोट कुंकू, त्यावर चार दाणे, इकडेतिकडे एक कण नाही. पण गेल्या वर्षी तिला उभं राहवत नव्हतं. "ह्या वर्षी राहू दे," ते म्हणाले, तर तिने ऐकलं नाही. खुर्ची टेबलाजवळ ओढायला लावली. ओल्या कुंकवात कालवलेल्या अक्षता चिमटीत घेतल्या आणि तिचा हात थरथरला. दाणे आत सांडले. "गेले काय खय?" तिने विचारलं. "काही नाही, मी काढतो," ते म्हणाले, आणि दिसले ते सगळे त्यांनी उचलले.

दिसले ते.

रडू आलं असतं तर ते रडले असते, घरात बघायला कोणी नव्हतं. पण आलं ते वेगळंच. आठ महिन्यांत पहिल्यांदा त्यांना कमळशी भांडावंसं वाटलं. बघ, काय करून ठेवलंस. मी म्हटलं होतं ना राहू दे. आणि ती काय म्हणाली असती तेही त्यांना ऐकू आलं. आतून लावूक कोणी सांगितलां?

त्यांनी पुन्हा फोन लावला. रुचिकाने व्हिडिओवर दाखवायला सांगितलं. भिंगातून फोन धरून त्यांनी दाखवलं.

"हे काय आहे? थांबा... तांदूळ? काका, स्लॉटमध्ये तांदूळ?"

"अक्षता आहेत. खंडेनवमीच्या."

"वाट लागली," ती म्हणाली. मग स्वतःला आवरून आवाज खाली आणला. "काका, नीट ऐका. सुई घालू नका. चिमटा घालू नका. त्या पट्ट्या केसासारख्या असतात. एक वाकली की बोर्ड गेला, आणि एवढा जुना बोर्ड आता मिळत नाही. पाणी तर अजिबात नको. माझ्याकडे आणा, मी बघते. पण गॅरंटी नाही देणार."

"कधी होईल?"

"शनिवारी संध्याकाळी. आज-उद्या मी एका ऑफिसच्या कामाला अंधेरीला अडकलीय."

"शनिवारी दुपारी मला ड्रॉइंग द्यायचंय."

"मग काय करणार?"

"काढतो मी."

"काका, नका ना. बोर्ड गेला तर सगळंच गेलं."

"न काढता तरी काय राहतंय?" बळवंत म्हणाले. ते चिडून बोलले नाहीत. त्यांना ते खरंच दिसत होतं. शुक्रवार जाईल, शनिवार जाईल, हर्षद ठाण्याच्या माणसाला फोन करेल, रविवारी दिशा येईल.

लोखंड चालणार नव्हतं, पट्ट्यांना ओरखडा गेला असता. प्लास्टिक वाकलं असतं. टणक, बारीक आणि तरीही पट्टीपेक्षा मऊ असं काहीतरी हवं होतं. ते घरभर फिरले. टूथब्रश जाड. उदबत्तीची काडी मोडकी. मग मोरीच्या दाराआडचा खराटा दिसला. गावाहून आणलेला, माडाच्या झावळीच्या हिरांचा. त्यांनी त्यातला एक हीर उपसला, हातात वाकवून बघितला, टाकून दिला. दुसरा जून निघाला, सरळ आणि चिवट. तो घेतला.

मग ते बसले आणि हत्यार बनवायला लागले. ब्लेडने हीर तासला. बारीक पॉलिश पेपरवर ओढून चपटा केला. व्हर्नियर लावला, एक मिलिमीटर. अजून ओढला. शून्य पॉइंट आठ. टोकाला भिंगाखाली एवढासा वाकडा आकडा काढला, नखाच्या कडेसारखा. पहिला आकडा मोडला. दुसरा मोडला. खराट्याचे अजून दोन हीर गेले. दुपारचे दोन वाजले होते आणि ते जेवले नव्हते, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी उठून सकाळचा भात गरम केला, त्यावर दही घातलं, उभ्यानेच खाल्ला. उपाशी माणसाचा हात हलतो. हात हलून चालणार नव्हता.

कमळच्या इंजेक्शनच्या वेळची स्पिरिटची बाटली औषधांच्या डब्यात अजून होती. हिराच्या टोकाला एक थेंब घेऊन त्यांनी तो फटीत दाण्यांवर सोडला. पाच मिनिटं थांबले. पुन्हा एक थेंब. कुंकू थोडं सैल झालं. मग कोपर टेबलावर घट्ट टेकून, श्वास धरून, हीर फटीच्या मधोमध खाली नेला. डावीकडे पट्ट्या, उजवीकडे पट्ट्या. आकडा दाण्याखाली गेला. त्यांनी उचलला नाही. आधी नुसता हलवून बघितला. हलला नाही. अजून स्पिरिट. अजून पाच मिनिटं. खाली गल्लीत कोणीतरी रिक्षावाल्याशी भांडत होतं. पुन्हा आकडा. ह्या वेळी दाणा जागचा सुटला, उभा राहिला आणि पुन्हा आडवा पडला. बळवंतांनी शिवी दिली. कमळ असती तर म्हणाली असती, देवाच्या तांदळाक शिये देतास?

पहिला दाणा चार वाजता वर आला. दुसरा त्यानंतर दहा मिनिटांत, तो फार त्रास न देता आला. त्यांनी दोन्ही तळहातावर घेऊन बघितले. मग टेबलाच्या कडेला ठेवले. कार्ड बसवायचं बाकी होतं.

स्पिरिट उडून जाईपर्यंत ते थांबले. भिंगातून एकेक पट्टी बघितली. सगळ्या सरळ होत्या. पत्र्याला हात लावला, कार्ड सरळ धरलं, दोन्ही अंगठे टेकवले.

कट्.

पडद्यावर प्रकाश आला तेव्हा त्यांना टाळी वाजवावीशी वाटली, पण एकट्याने काय टाळी वाजवायची. त्यांनी रुचिकाला फोटो पाठवला. तिचं उत्तर आलं: "झकास!!! कशाने काढलं?" त्यांनी लिहिलं, "खराट्याने." त्यावर तिने नुसती तीन प्रश्नचिन्हं पाठवली.

झाकण उघडलं आणि फिरवलं. ते हातातल्या वस्तूसारखं फिरलं. वर, खाली, आडवं कापून आतून. बळवंत तासभर नुसतं फिरवत बसले. मग त्यांना एक गोष्ट दिसली आणि ती आवडली नाही.

शुक्रवार त्यांनी सबंध त्याच गोष्टीवर घालवला. शनिवारी सकाळी अकराला डिझाइन पाठवून दिलं. दुपार गेली, संध्याकाळ गेली, हर्षदचा फोन आला नाही. त्यांनी केला तर त्याने उचलला नाही. रात्री ते जेवले आणि झोपले. झोप लागली नाही, पण गॅलरीत गेले नाहीत.

रविवारी दहाला दिशा आली. दारातच तिने त्यांचा चेहरा बघितला, मग खोलीभर बघितलं. टेबल, भिंग, हिराचा भुसा.

"हे काय चाललंय? बाबा, तुम्ही काहीच आवरलं नाहीत? एकसुद्धा कपाट?"

ते उत्तर देणार तेवढ्यात फोन वाजला. हर्षद.

"काका, हे काय करून ठेवलंय? मी दिलेलं झाकण बदललंत तुम्ही!"

"बदललं नाही. कडेला दीड डिग्री उतार दिला."

"मी सांगितला होता?"

"नाही सांगितलास. म्हणून तर दिला. तुझ्या ड्रॉइंगमध्ये आतली कड सरळ उभी आहे. मोल्ड उघडेल आणि झाकण लोखंडाला धरून बसेल. ओढून काढशील तर दर झाकणावर ओरखडा."

"पार्टीने सँपल दिलंय काका. त्यांना तसंच पाहिजे."

"इडलीपात्र बघितलंयस? वाटी वरती पसरट का असते? इडली निघावी म्हणून. सरळ उभ्या डब्यात इडली घाल आणि काढून दाखव मला."

दिशा पर्स खांद्यावर तशीच ठेवून उभी होती.

"दीड डिग्रीने झाकण डब्यावर बसेल का?" हर्षदचा आवाज जरा उतरला होता.

"डब्याचं माप तूच दिलंयस. मी दोन्ही एकमेकांवर बसवून आतून कापून बघितलं. बसतं. आत्ता दाखवतो, थांब." त्यांनी फोन पडद्यासमोर धरला आणि दुसऱ्या हाताने झाकण फिरवलं, उभं कापलं, डब्यावर उतरवलं. "दिसतंय? आता तुझं मूळचं बघ. हे इथे. मोल्ड उघडतो. बघ कसं धरून ठेवलंय. तुला हेच पाहिजे असेल तर मी उतार काढून टाकतो, दहा मिनिटांचं काम आहे. पण खाली माझं नाव घालणार नाही."

फोनवर मागे कुठेतरी मशीन चालू असल्याचा आवाज येत होता.

"काल पार्टीनेही तेच विचारलं," हर्षद शेवटी म्हणाला. "हा उतार कोणी दिला म्हणून. मला उत्तर देता आलं नाही. म्हणून फोन नाही उचलला तुमचा. बाबा असते तर मला हाणलं असतं."

"तुला नाही. मला हाणलं असतं, तुला आधी विचारलं नाही म्हणून."

हर्षद हसला. "डब्याचा मोल्डही तुमच्याकडेच पाठवतो. मंगळवारपर्यंत पाहिजे. होईल?"

"पाठव."

त्यांनी फोन ठेवला. दिशाने पर्स खाली ठेवली.

"मंगळवार?" ती म्हणाली. "बाबा, उद्याची दोन तिकिटं काढलीत मी."

"एक रद्द कर."

"असं कसं? आपलं ठरलं होतं ना? जूनमध्ये जिन्यात कोण पडलं होतं? आणि आता हे डोळे फोडत बसणार, जेवणार कधी?"

"तू विचारत होतीस ना, दिवसभर काय करता." त्यांनी पडद्याकडे हात केला. "हे करतो."

"हे किती दिवस चालणार?"

"माहीत नाही. हर्षद देईल तोवर. त्याने नाही दिलं तर दुसरा कोणी देईल. बंद पडलं तर मी स्वतः तुला फोन करीन, ये म्हणून. तू यायच्या आधी बॅग भरून ठेवीन."

दिशा पडद्यासमोर आली. लहानपणी कारखान्यात बापाच्या बाकापाशी उभी राहायची तशी उभी राहिली आणि न विचारता माउस धरून झाकण फिरवलं. एकदा, दोनदा.

"हा आपलाच कंप्युटर? माझ्या वेळी तर हा साधी फाइल उघडायला रडायचा."

"कार्ड घातलं नवीन."

"कोणी घातलं?"

"मी."

तिने त्यांच्याकडे बघितलं. मग मोबाइल काढला आणि तिकिटाचं पान उघडून बराच वेळ धरून ठेवलं. शेवटी अंगठा टेकवला.

"रोज रात्री नऊला फोन करणार मी," ती म्हणाली. "काय जेवलात ते सांगायचं. नुसतं जेवलो म्हटलेलं चालणार नाही, काय जेवलात ते. आणि फोन उचलायचा."

"कामात नसलो तर उचलीन."

"बाबा!"

"उचलीन गं," बळवंत म्हणाले आणि डब्याची फाइल आली का ते बघायला वळले.